जमिनीतला वसाहतकाळ: न्यू इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टरने शोध कसा घ्यावा आणि सापडलेली वस्तू कशी साफ करावी

२०१४ साली ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउन गावी एका फळबागेत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी शोधकाला एक छोटं, काळवंडलेलं चांदीचं नाणं मिळालं. त्यावर अरबी अक्षरं होती. नाणं येमेनचं निघालं, १६९३ सालचं. अटलांटिकच्या या किनाऱ्यावर ते आलं कसं, याचा माग काढत तो शोधक थेट सुरतेच्या वाटेवर पोचला. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हजच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं ते लुटलं होतं. त्या लुटीतली नाणी एव्हरीच्या टोळीबरोबर न्यू इंग्लंडला आली, असा त्याचा तर्क आहे. अशीच अरबी नाणी मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्येही मिळाली, तेव्हा त्या तर्काला बळ आलं.

हा शोध लागू शकला, कारण नाण्यावरची अक्षरं शाबूत होती आणि ते नेमकं कुठून निघालं हे ठाऊक होतं. या छंदात नव्यानं येणाऱ्याला मी हेच आधी सांगते: वस्तू मिळालेली जागा आणि वस्तूचा पृष्ठभाग, या दोन गोष्टी एकदा गेल्या की कितीही पैसे ओतले तरी परत मिळत नाहीत. पुढचं सगळं या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणारी बरीच मराठी मंडळी घरामागच्या रानात दगडी गडगे बघतात आणि इथे कोण राहत असेल म्हणून कुतूहलानं थांबतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी कायदा आणि परवानगी

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत डिटेक्टर वापरणं तर सोडाच, तो वापरण्याच्या स्थितीत जवळ बाळगणंही गुन्हा आहे. इतर संघराज्य जमिनींवर १९७९ चा पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायदा लागतो. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उकरून काढली तर दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो. लेक्सिंग्टन-कॉनकर्डचा रणभूमीचा पट्टा याच नियमात येतो. राज्याच्या आणि गावाच्या मालकीच्या जमिनींचे नियम जागोजागी वेगळे आहेत, त्यामुळे तिथे संबंधित कार्यालयाला लेखी विचारावं. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ नाही असाच धरावा.

नवशिक्याला म्हणून खाजगी जमीनच योग्य. जमिनीत पुरलेली वस्तू साधारणपणे जमीनमालकाची असते. म्हणून परवानगी लेखी घ्या आणि वस्तूंचं काय करायचं तेही त्याच कागदावर लिहा: सगळं मालकाचं, निम्मं-निम्मं, की फक्त लोखंड-तांबं तुमचं. परवानगी मागायला दिवसाउजेडी जा, एकट्यानं किंवा फार तर दोघांनी. गावाचा जुना नकाशा बरोबर न्या. ‘तुमच्या जमिनीत खणू का?’ यापेक्षा ‘१८५० च्या सुमाराच्या या नकाशात तुमच्या कुरणाच्या कडेला एक घर दिसतंय, त्याबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का?’ असं विचारलं तर दार उघडं राहतं. इथल्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा इतिहास सांगायला फार आवडतं.

हाडं दिसली तर हात थांबवायचा, माती होती तशी लोटायची आणि पोलिसांना कळवायचं. ही जमीन इंग्रजांच्या आधीपासून वाम्पानोग, निपमक, नॅरागॅन्सेट लोकांची आहे. सतराव्या शतकात ते इंग्रजांकडून घेतलेल्या पितळी-तांब्याच्या किटल्या कापून त्यांची बाणाग्रं आणि दागिने करत. असे तुकडे मण्यांबरोबर एकाच जागी मिळायला लागले तर तिथे दफन असण्याची शक्यता आहे. मग डिटेक्टर बंद करून मालकाला सांगा आणि राज्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला बोलवा.

हे वाचून कुणी सुट्टीत भारतात यंत्र घेऊन जायच्या विचारात असेल तर कृपा करून थांबा. तिथे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे. जमिनीत मिळालेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. २०२५ साली बारा मराठा दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले. गडांवरच्या मातीत अजून पुष्कळ काही न वाचलेलं आहे आणि ते प्रशिक्षित उत्खननासाठीच राहिलं पाहिजे. गडावर डिटेक्टर नेऊ नका.

जागा घरी बसूनच सापडते

न्यू इंग्लंडचं आजचं दाट रान फसवं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यातली बहुतेक जमीन साफ केलेली होती, शेतं आणि मेंढरांची कुरणं होती. मग लोक पश्चिमेकडे आणि गिरण्यांच्या शहरांकडे गेले, शेतं ओस पडली, रान परत आलं. त्यामुळे १७४० चं घर आज झाडीत तळघराचा दगडी खड्डा म्हणून उरलेलं असतं. आजूबाजूला विहीर, गडगे आणि कोठाराचा पाया.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं १७९४ आणि १८३० साली प्रत्येक गावाला आपला नकाशा करून द्यायला लावलं होतं. हे नकाशे आता संगणकावर बघायला मिळतात. त्यांत रस्ते, गिरण्या, चर्च दिसतात. १८५० च्या दशकातले हेन्री वॉलिंगचे परगण्यांचे नकाशे तर घराघरावर मालकाचं नाव देतात. वॉलिंगच्या नकाशावर घर आहे आणि आजच्या नकाशावर तिथे फक्त झाडं आहेत, अशी ठिकाणं टिपून घ्या. मग तेच नाव १७९० च्या पहिल्या जनगणनेत आणि जमिनीच्या जुन्या खरेदीखतांत शोधा. घर वसाहतकाळातलं आहे की नंतरचं, याचा अंदाज इथेच येतो.

दुसरं मोठं साधन म्हणजे लायडार. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंचसखल मोजलेली असते आणि त्यातून झाडी वजा करता येते. राज्यांच्या नकाशा-संकेतस्थळांवर हे फुकट उपलब्ध आहे. त्यात गडगे बारीक रेघांसारखे आणि तळघराचे खड्डे छोट्या चौकोनी खळग्यांसारखे उमटतात. वायव्य कनेक्टिकटमध्ये गोल सपाट चबुतरे भरपूर दिसतील. ते कोळसा पाडण्याच्या भट्ट्यांचे आहेत, तिथे नाणी मिळायची आशा कमी.

प्रत्यक्ष जागेवर झाडं सांगतात. रानात मध्येच लायलॅकचं झुडूप, व्हिन्काचा हिरवा गालिचा, ओळीत उभे जुने मेपल, एखादं थकलेलं सफरचंदाचं झाड दिसलं की तिथे माणसाचं दार होतं.

ऋतूचं भान ठेवा. डिसेंबर ते मार्च जमीन गोठलेली असते. एप्रिलमध्ये पालवी फुटायच्या आधी आणि मका कापल्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात चांगलं काम होतं. शिकारीच्या हंगामात नारिंगी जाकीट घाला. आणि गोचिडी! त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचं नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलंय. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट बघा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची. तेल लावणं, चटका देणं असले उपाय करू नका. रोगाचा जंतू शरीरात जायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी तपासणं महत्त्वाचं.

यंत्र आणि कान

मिनलॅब इक्विनॉक्स, एक्सपी डीयस २, नोक्टा लेजंड यांसारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं या कामाला उत्तम. पण यंत्रापेक्षा कॉइलचा, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीचा, आकार जास्त फरक पाडतो. तळघराच्या खड्ड्याभोवती जमीन खिळ्यांनी भरलेली असते. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी चार-पाच खिळे येतात आणि त्यांच्यामधलं नाणं दबून जातं. तिथे सहा इंचांच्या आसपासची कॉइल लावा आणि हात अगदी सावकाश फिरवा. मोकळ्या शेतात मोठी कॉइल चालेल.

सुरुवात करताना यंत्र जमिनीशी जुळवून घ्या, म्हणजे ग्राउंड बॅलन्स करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेऊ नका, यंत्र बडबडायला लागतं आणि खरा सिग्नल हरवतो. लोखंड पूर्ण गाळून टाकणारं डिस्क्रिमिनेशनही लावू नका. लोखंडाचा घरघरणारा आवाज ऐकू येऊ द्या, कारण घर नेमकं कुठे होतं हे तोच सांगतो. त्या घरघरीत मध्येच एक बारीक, गोल, स्वच्छ सूर आला की थांबायचं आणि नव्वद अंशांत वळून त्याच जागेवरून पुन्हा कॉइल फिरवायची. दोन्ही दिशांनी सूर तसाच राहिला तर खणा. एका दिशेनं छान आणि दुसऱ्या दिशेनं तुटका असेल तर बहुधा गंजलेला चपटा पत्रा किंवा वाकलेला खिळा आहे.

पडद्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. आजच्या नाण्यांचे आकडे ठरलेले असतात, अठराव्या शतकातल्या बटणांचे नसतात. एखादं पितळी बटण ॲल्युमिनियमच्या झाकणासारखं वाजतं. कचरा वाटणारे मधले सूर सोडणाऱ्यांच्या हातून बक्कलं आणि बटणं निसटतात.

खणणं

गवताळ जागेत दातेरी खुरप्यानं नालेच्या आकारात तीन बाजूंनी काप द्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहू द्या. काप सिग्नलच्या केंद्रापासून तीन-चार इंच लांब घ्या. खुरपं नाण्यावर बसलं तर तो ओरखडा कायमचा. ढेकूळ उलटा, शेजारी अंथरलेल्या फडक्यावर सुटी माती काढत जा. पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारं छोटं डिटेक्टर, त्यानं आधी ढेकूळ, मग खड्ड्याच्या भिंती, मग तळ तपासा. वस्तू निघाल्यावर खड्ड्यात पुन्हा एकदा फिरवा. बक्कलाचा दुसरा तुकडा किंवा बटणांची जोडी तिथेच असते. मग माती आणि ढेकूळ परत बसवा आणि पायानं दाबा. दोन आठवड्यांनी मालकाला खड्ड्याची जागा सापडता कामा नये.

आता ज्या क्षणी सगळ्यात जास्त नुकसान होतं तो क्षण. तळहातावर मातीनं माखलेला गोल तुकडा आहे आणि अंगठा आपोआप त्यावर फिरायला जातो. फिरवू नका! मातीत वाळूचे कण असतात. दोनशे-तीनशे वर्षं आम्लधर्मी मातीत मुरलेल्या तांब्याचा वरचा थर मऊ झालेला असतो आणि अंगठ्याच्या एका फेऱ्यात राजाचा चेहरा निघून जातो. नाणं मातीसकट कापसाच्या छोट्या डबीत ठेवा.

लगेच नोंद करा: फोनवर स्थान, पिशवीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक, खोली, शेजारी काय मिळालं. प्रत्येक खिळ्याची अशी नोंद शक्य नाही, पण खिळ्यांचा एकेक नमुना मात्र ठेवा, कारण जागेचं वय ते सांगतात. लोहारानं हातानं घडवलेले, फुलासारख्या माथ्याचे खिळे १७९० च्या दशकापर्यंत सर्रास वापरात होते. पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे त्यानंतरचे. गोल तारेचे खिळे १८८० नंतर पसरले. तीनही प्रकार मिळाले तर घर दीर्घकाळ वसलेलं होतं. नुसते घडीव मिळाले तर तुम्ही खूप चांगल्या जागी उभे आहात.

नोंदीचं मोल काय, हे लेक्सिंग्टनजवळच्या ‘पार्कर्स रिव्हेंज’ या जागेवरून दिसतं. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, १९ एप्रिल १७७५ रोजी, कॉनकर्डहून परतणाऱ्या ब्रिटिश फौजेवर लेक्सिंग्टनच्या नागरी सैन्याचा कॅप्टन जॉन पार्कर याच्या माणसांनी इथे हल्ला केला. नेमका कुठे, हे कागदपत्रांतून ठरत नव्हतं. पुरातत्त्वज्ञांनी अधिकृत परवानगीनं मेटल डिटेक्टरनंच सर्वेक्षण केलं, प्रत्येक गोळीची जागा मोजली आणि गोळ्यांच्या पसरणीवरून दोन्ही बाजू कुठे उभ्या होत्या ते नकाशावर आलं. त्याच गोळ्या कुणी नोंद न करता खिशात टाकल्या असत्या तर शिशाचे गोटे एवढंच उरलं असतं.

काय मिळतं आणि ओळखायचं कसं

सगळ्यात जास्त मिळतात बटणं. मागे कडी असलेली सपाट पितळी बटणं १७६० ते १८३० च्या सुमाराची. पांढुरक्या झळाळीची, जवळजवळ न गंजलेली टॉम्बॅकची (तांबं-जस्ताच्या एका मिश्रधातूची) बटणं अठराव्या शतकातली. बुटांची बक्कलं १६६० ते १७९० च्या दशकांतली, बहुतेक तुटलेली. त्यांची चौकट पितळी असते आणि आतला काटा लोखंडी, हे सफाईच्या वेळी लक्षात ठेवायचं आहे. त्याशिवाय अंगुस्ताने, चमचे, घोड्याच्या गळ्यातल्या घंट्या, बैलांच्या नाला. घंटेवर खाली आद्याक्षरं असतात. ‘आर डब्ल्यू’ असतील तर ती इंग्लंडमधल्या ऑल्डबर्नच्या वेल्स घराण्याच्या ओतशाळेतली.

तांब्याची मोठी नाणी बहुधा इंग्लंडच्या राजांची हाफपेनी असतात. गुळगुळीत झाली असली तरी तिरप्या प्रकाशात चेहऱ्याची दिशा दिसते. दुसरा जॉर्ज डावीकडे बघतो, तिसरा उजवीकडे. सरकारी टाकसाळीत एका पौंड तांब्यातून ४६ हाफपेनी पाडत, म्हणजे एकीचं वजन सुमारे ९.९ ग्रॅम. त्यापेक्षा बरंच हलकं नाणं, झीज धरूनही, त्या काळातलं खोटं नाणं असू शकतं. अशी खोटी नाणी वसाहतींत उदंड चालत आणि आज संग्राहकांना तीही हवी असतात. चेहरा जॉर्जसारखा पण अक्षरं ‘ऑक्टोरी कनेक’ असतील तर ते १७८५ ते १७८८ मधलं कनेक्टिकटचं नाणं, म्हणजे वसाहत संपून नवं राज्य सुरू झाल्याचं.

चांदीत स्पॅनिश रेआल जास्त. मेक्सिको, पेरूच्या टाकसाळींतून आलेली ही नाणी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. सुट्ट्यासाठी त्यांचे पाचरीसारखे तुकडे पाडत, तेव्हा चांदीची छोटी फोड दिसली तर भंगार समजू नका. आणि फार क्वचित, बोस्टनमध्ये जॉन हलनं पाडलेलं पाइन झाडाचं शिलिंग. ती नाणी १६८२ पर्यंत निघाली, पण साल सगळ्यांवर १६५२ च.

चेपलेल्या गोळीचा मूळ व्यास काढायला न्यू जर्सीतल्या मॉनमथ रणभूमीवर काम केलेल्या डॅनियल सिव्हिलिचचं सूत्र वापरतात. वजन ग्रॅममध्ये घ्या, घनमूळ काढा, ०.२२३२०४ नं गुणा. उत्तर इंचांत मिळतं. ३० ग्रॅमची गोळी ०.६९ इंचांची ठरते, म्हणजे ब्रिटिशांच्या पाऊण इंच नळीच्या ब्राउन बेस बंदुकीत बसणारी. २४ ग्रॅमची ०.६४ इंच येते, ती फ्रेंच बंदुकीच्या मापाची.

सफाई: धातू बघून, आणि जेवढी लागेल तेवढीच

काहीही करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, मोजपट्टीसह. मग दहापटीच्या भिंगातून बघा. तांब्याच्या क्षारांमुळे शेजारचा धागा, चामडं, लाकूड कुजत नाही. बटणाच्या कडीत दोनशे वर्षांपूर्वीच्या शिवणीचा दोरा अडकलेला असू शकतो. बक्कलाच्या आत चामड्याचा पापुद्रा असू शकतो. पाण्याखाली धरलं की तो गेला.

*तांबं.* आपल्या घरांत तांबं-पितळ म्हटलं की चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी हाताशी येते आणि भांडं लखलखतं. त्या भांड्याला ते ठीक आहे, कारण खाली जाड निरोगी धातू असतो. जमिनीतल्या नाण्यात मूळ पृष्ठभाग धातूचा उरलेलाच नसतो, त्याचं तपकिरी ऑक्साइड आणि हिरवं कार्बोनेट झालेलं असतं. साल, अक्षरं, चेहरा सगळं त्या थरात आहे. आम्ल तो थर विरघळवतं आणि हातात गुलाबी, खडबडीत, कोरी चकती उरते. व्हिनेगर, सॉस, कोला, धातूची पॉलिश, सगळ्यांची हीच गत.

म्हणून तांब्याचं नाणं आधी सावलीत वाळू द्या. वाळलेली माती आक्रसते आणि बरीचशी आपणहून सुटते. मग मऊ ब्रशनं हलकेच झटका. उरलेली माती भिंगाखाली लाकडी टूथपिकच्या टोकानं, अक्षरांच्या कडेनं, कण कण उचलत काढा. घासायचं नाही, टोकानं उचकटायचं. एका नाण्याला अनेक संध्याकाळी लागतात, लागू द्या. कुठे हिरवा थर मातीबरोबर उचलला जायला लागला तर तिथेच थांबा. अर्धी माती असलेलं वाचता येणारं नाणं पूर्ण स्वच्छ पण कोऱ्या चकतीपेक्षा कितीतरी चांगलं.

हौशी मंडळींमध्ये कोमट केलेल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत फार चालते. नाणं त्यात सोडलं की फेस येतो आणि माती सुटते. माझं मत असं की पृष्ठभाग टणक आणि माती दगडासारखी असेल तरच, थोडा वेळ, डोळ्यांसमोर ठेवून करावं. भुसभुशीत हिरव्या नाण्याला अजिबात नाही. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याची पद्धतही जुनी आहे, पण त्या तेलात आम्लता असते आणि रंग काळपट होतो. कुठलीही पद्धत आधी वाचता न येणाऱ्या, बाद नाण्यांवर करून बघा.

सफाई झाली की रेनेसान्स वॅक्सचा अगदी पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं हे मेण आहे. मेणानं रंग खुलतो, उठाव दिसू लागतो आणि दमट हवेपासून बचाव होतो.

*चांदी.* ही सगळ्यात सोपी. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, माती सुटू द्या, मऊ कापडावर टिपून घ्या. पुसू नका, टिपा. काळा थर गंधकामुळे येतो. अक्षरं दिसत असतील तर तो राहू द्या, जुन्या चांदीला शोभतो. अक्षरं झाकली गेली असतील तर ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, यांत काही सेकंद बुडवून बघा. सोड्याची पेस्ट बोटानं घासणं मात्र टाळा, त्यानं बारीक ओरखडे पडतात.

*पितळ आणि मुलामा.* बटणावर सोन्याचा मुलामा असू शकतो आणि तो मातीच्या खाली पापुद्र्यासारखा सुटा बसलेला असतो. डिस्टिल्ड पाणी, अगदी मऊ ब्रश, आणि मागची बाजू आधी. मागे कारखान्याचा शिक्का किंवा ‘ट्रेबल गिल्ट’ (तिहेरी मुलामा) अशी अक्षरं असतील तर बटण एकोणिसाव्या शतकाकडे झुकतं.

*शिसं आणि कथील.* गोळीवरचा पांढरा थर शिशाचा कार्बोनेट आहे. तोच तिचं संरक्षण करतो आणि तोच विषारीही आहे. हातमोजे घाला, पाण्यात हलकेच धुवा, थर तसाच राहू द्या, काम झाल्यावर हात साबणानं धुवा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही करू नका. प्यूटरची, म्हणजे मुख्यतः कथिलाची बटणं आणि चमचे ठिसूळ असतात. वाकलेलं सरळ करायला जाऊ नका, मोडतं.

*लोखंड.* कुऱ्हाडी, कोयंडे, बिजागऱ्या, चाव्या. आधी लोहचुंबक लावा. जोरात चिकटलं तर आत धातू शिल्लक आहे. जेमतेम धरलं तर आत फक्त गंज आहे, आणि विद्युतप्रवाहात टाकलं की हाती गाळ येईल. अशी वस्तू नुसती वाळवून मेण लावावं.

धातू शिल्लक असेल तर इलेक्ट्रोलिसिस करता येतं. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. नव्या स्वयंचलित चार्जरला समोर बॅटरी दिसत नाही म्हणून तो सुरूच होत नाही. ऋण टोक वस्तूला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. उलट जोडलंत तर वस्तूच झिजेल. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कदापि नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. वस्तू आणि पत्रा एकमेकांना टेकता कामा नयेत. हायड्रोजन निघतो, तेव्हा काम बाहेर उघड्यावर करा, आसपास विस्तव नको, आणि वीज बंद केल्याशिवाय पाण्यात हात नको. प्रवाह कमी ठेवा, एक-दोन अँपिअर पुरे. दर काही तासांनी काढून सुटलेला काळा गंज ब्रशनं काढा आणि पुन्हा ठेवा. जाड गंजाला काही दिवसही लागतात.

बाहेर काढल्यावर ते उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. म्हणून लगेच डिस्टिल्ड पाण्यात उकळा, पाणी बदलत राहा म्हणजे क्षार निघतील, मग ओव्हनमध्ये शंभर अंश सेल्सिअसच्या थोडं वर काही तास वाळवा. त्यावर टॅनिक आम्लाचा हात द्या. हिराकस आणि हिरड्यापासून काळा रंग करण्यामागे जी क्रिया आहे तीच इथे घडते: लोह आणि टॅनिन मिळून निळसर काळा, टिकाऊ थर होतो. वस्तू कोमट असतानाच मेण लावा.

ही पद्धत तांबं, चांदी, शिसं यांच्यासाठी नाही. लोखंडी काटा असलेलं पितळी बक्कलही बादलीत टाकू नका. त्याचा काटा गंजलेलाच राहू द्या, सुटी माती काढा आणि मेण लावा.

ठेवायचं कुठे

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या रसायनानं हिरवा चिकट थर येतो. मायलरची, म्हणजे पॉलिएस्टर प्लास्टिकची पाकिटं किंवा आम्लमुक्त कागद वापरा. शिसं ओकच्या कपाटात ठेवू नये, त्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिसं खाते. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यालाही हेच लागू. झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

समुद्राजवळ मिळालेल्या तांब्या-पितळेकडे अधूनमधून लक्ष ठेवा. फिकट हिरवे, पिठासारखे भुसभुशीत ठिपके उमटायला लागले तर तो क्लोराइडमुळे होणारा ‘ब्राँझ डिसीझ’ आहे. ती वस्तू लगेच वेगळ्या डब्यात, भरपूर सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा. वस्तू महत्त्वाची असेल तर स्वतः काही न करता संवर्धकाकडे न्या.

प्रत्येक पाकिटात वहीतल्या क्रमांकाची चिठ्ठी घाला, शाई न पसरणाऱ्या पेननं किंवा पेन्सिलनं लिहिलेली. हंगाम संपला की वहीची आणि फोटोंची एक प्रत जमीनमालकाला आणि एक गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीला द्या. इथल्या बहुतेक गावांत ती असते, आणि तिथली ज्येष्ठ मंडळी तुमच्या नकाशावरच्या खुणेशेजारी त्या घरातल्या माणसांची नावं लिहून देतात.